मीटर घटस्थापनेला आणावे

मंगळवार, ५ सप्टेंबर १९६१. पोलादपूर.
ह्यांची महाडच्या कोर्टात बदली. शनिवारी बिऱ्हाड हलवायचं. नव्या जागेत वीज आहे. इथे आमच्या आळीत कुणाकडेच नाही. मी मुद्दाम कुणाला सांगितलं नाही, विहिरीवर विषय निघाला तेवढंच. तीनदा निघाला.
सासूबाई उमरठला थोरल्या जाऊबाईंकडे असतात. दिवेलागणीनंतर रॉकेलच्या उजेडात त्यांना ताटातलं दिसत नाही. गोदूबाई, म्हणजे जाऊबाई, परवा म्हणाल्या, "तुझ्याकडं इजेचा दिवा लागला का कळव गो साळू. म्हातारीला आणून घालतंय. मग ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच." इतकी वर्षं सासूबाई तिकडे, म्हणजे सेवेचं सगळं पुण्यही तिकडेच जमा. आता खातं इकडे वळेल. ह्यांनाही आई जवळ हवी आहे. बोलत नाहीत, पण नव्या जागेचा नकाशा काढला त्यात आईची खाट दोनदा काढली.
संकल्प: विजेचं सगळं मी बघणार. घरात मॅट्रिक झालेलं माणूस असताना दुसऱ्याच्या विनवण्या कशाला? एकच बल्ब, पंचवीसचा. नऊच्या पुढे नाही. बटणाला हात फक्त माझा.

शनिवार, ९ सप्टेंबर. महाड.
पोहोचलो. एक बरणी फुटली. देव सुखरूप.
आधीचे भाडेकरू कुशाबा मास्तर किल्ली द्यायला थांबले होते. मीटर त्यांच्या नावावर आहे. म्हणाले, "वहिनी, सोमवारी माझ्याबरोबर विजेच्या कचेरीत येऊन सही करा. दोन दिवसांत तुमच्या नावावर होईल. दिवा एक दिवससुद्धा जाणार नाही."
मी मीटरच्या काचेत बघितलं. आत चारशे बारा युनिटं आधीच चढलेली. ही कुणाची, विचारलं. मास्तर म्हणाले, माझी, पैसे भरलेत. भरले असतील. पण आकडा तर तसाच आहे. दुसऱ्याचा हिशेब चढलेली वही मी कधी वापरली नाही, मग मीटर कसं वापरू? शिवाय देवापुढे उजेड पडायचा तो शून्यापासून आपला पडावा. मास्तरांना स्पष्ट सांगितलं, तुमचं खातं बंद करा, मीटर घेऊन जाऊ द्या, आम्ही कोरं आणू.
"काढून नेलं की पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, वहिनी."
म्हटलं, अर्ज मी लिहिणार आहे.
ह्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी कौलांकडे.

गुरुवार, १४ सप्टेंबर.
कचेरीची माणसं सांगितल्या वेळेला हजर. दहा मिनिटांत मीटर काढून नेलं. कामाचा उरक बघून समाधान वाटलं. तूर्त चिमणी लावली आहे.
अर्ज दिला. नंबर अकरा. अक्षर बघून तिथला कारकून दोन वेळा वर बघत होता. शेजारच्या बदरुन्निसाचाही फॉर्म भरून दिला. तिचा नवरा मुराद ट्रक चालवतो, आठवडा आठवडा घरी नसतो, आणि तिला मराठी लिहिता येत नाही. तिचा नंबर बारा. तिला म्हटलं, माझ्या मागोमाग राहा, काळजी करू नकोस. म्हणाली, "तुमी हाव म्हनून, साळूबाय." अशिक्षित माणसाला दिशा दाखवावी लागते.

बुधवार, २० सप्टेंबर.
कचेरीत जाऊन आले. आठदहा दिवसांत मीटर बसेल म्हणाले. आमच्या लेकीला, मैनाला, सांगितलं, तुझा मॅट्रिकचा अभ्यास यंदा विजेवर. तिने विचारलं, मास्तरांचं मीटर असतं तर आत्ताच झाला असता ना? मुलींना अकारण प्रश्न विचारायची सवय शाळेतून लागते.

मंगळवार, २६ सप्टेंबर.
कालपासून पितृपक्ष. पंधरा दिवस नवं काही आरंभायचं नाही. दोरासुद्धा नव्या रिळाचा काढत नाही.
गोदूबाईंना पत्र टाकलं. मीटर यायचं आहे, पण पत्र आधी गेलेलं बरं. लिहिलं: "दसऱ्याच्या आत सासूबाईंना घेऊन यावे. सांजेच्या एस्टीने यावे म्हणजे शोभा दिसेल. आळीत शिरल्यावर ज्या घरात विजेचा दिवा जळत असेल तेच आपले घर, कोणास विचारावे लागणार नाही." वाचून दाखवलं तेव्हा हे जरा हसले. बऱ्याच दिवसांनी.

गुरुवार, २८ सप्टेंबर.
सकाळी नऊला दारात सायकल. हैबती नावाचा लाइनमन. कॅरिअरला मीटर, कोरं. काचेत सगळी शून्यं. इतकं सुंदर दिसत होतं. पण पितृपक्ष. मी उंबऱ्यातच थांबवलं.
तो म्हणाला, "बाई, पितर काय तारेतनं जात नायत. मी लावून ठेवतो, तुमी बटन घटापातूर दाबू नका." ही पळवाट झाली. पळवाटेने आलेला उजेड देवाला कसा चालेल? म्हटलं, घटस्थापनेला ये. म्हणाला, मीटर मोजकी आलीत, परत नेलं तर नंबरवार पुढं जातं. म्हटलं, माझा अकरावा नंबर आहे, तो कुठे पळून जात नाही. मग म्हणाला, "तसं लिवून द्या. नायतर सायब मला इचारतील."
लिहून दिलं: "पितृपक्ष असल्याने सदर मीटर स्वीकारता येत नाही. घटस्थापनेला सकाळी साडेआठनंतर आणावे." खाली सही. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.
हैबती सायकल वळवून शेजारी बदरुन्निसाकडे गेला. त्यांना पितृपक्ष नाही. ठोकाठोक दुपारपर्यंत चालली होती. मला काय.
संध्याकाळी ह्यांनी विचारलं, कचेरीतून कुणी आलं होतं का? नाही म्हटलं. योग्य दिवशी कुणी आलं नाही, तर आलं म्हणायचं कसं?

मंगळवार, १० ऑक्टोबर. घटस्थापना.
पहाटे घट बसवला. मीटरच्या जागेखाली रांगोळी. भिंतीला हळदकुंकू. नारळ तयार. साडेआठ वाजले. दहा. साडेबारा.
दोनला कचेरीत गेले. मीटर संपली. पुढची नव्या वर्षात. माझी चिठ्ठी फाइलला लावलेली दिसली. कारकून म्हणाला, "अकरा नंबर तुम्हीच सोडलात ना?" म्हटलं, सोडला नाही, पुढे ढकलला. म्हणाला, आमच्याकडे दोन्हीला एकच शिक्का आहे.
घरी सांगितलं की कचेरीचा कारभार ढिसाळ आहे. हे म्हणाले, बदरुन्निसाला तर वेळेत मिळालं. म्हटलं, ओळख असेल.

मंगळवार, १७ ऑक्टोबर. रात्री.
गोदूबाईंना थांबवायला दुसरं पत्र टाकायचं राहून गेलं. खरं तर टाकलं नाही. वाटलं होतं, काहीतरी होईल. देवीला सांगितलं होतं.
सांजेच्या एस्टीने दोघी आल्या. आळीत शिरल्या. पत्रात लिहिल्याप्रमाणे दिवा जळत होता त्या घरात गेल्या.
मला कळलं तेव्हा अर्धा तास झालेला. सासूबाई बदरुन्निसाच्या खाटेवर पाय सोडून बसलेल्या, हातात बशी, चहा अर्धा संपलेला. बल्बकडे बघत होत्या. म्हणाल्या, "साळू, घर बेस हाय गो. आणि ही पोर कोन, लय मायेची हाय."
गोदूबाईंनी माझ्या हातातल्या कंदिलाकडे बघितलं. "म्हंजे तुझं घर शेजारचं?" एवढंच म्हणाल्या. सकाळच्या पहिल्या एस्टीने जाणार म्हणतात. निघताना हसू नये म्हणून पदर तोंडाला लावतील, मला माहीत आहे.

बुधवार, २५ ऑक्टोबर.
सासूबाई रोज दिवेलागणीला शेजारी जातात. तिथे बसून तांदूळ निवडतात. म्हणतात, सात वर्षांनी सांजेला माझी बोटं मला दिसली. मैना पुस्तकं घेऊन जाते. हे पेपर घेऊन, आईला सोबत म्हणून. मुराद घरी असला की दोघे ट्रकच्या गोष्टी बोलतात. ह्यांना ट्रकमधलं काय कळतं?
मी घरी. अत्यंत शांतता. जप छान होतो. रॉकेल निम्म्याने वाचलं. हिशेबाने बघितलं तर विजेचा लाभ सगळ्या घराला झाला आणि बिल शून्य. हे माझ्यामुळेच घडलं, कुणाच्या लक्षात येत नाही.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर.
बदरुन्निसाने बोलावलं. कचेरीचा कागद आला होता, वाचून हवा होता. म्हटलं, मैना वाचेल. म्हणाली, "नाय, फॉर्म तुमी भरलाव, कागद बी तुमीच वाचा." गेले. सगळे बसले होते. बल्बखाली उभी राहून मोठ्याने वाचायला लागले. डिपॉझिट जमा, मीटर अमुक दिवशी बसवले. पुढे लिहिलं होतं, "अर्ज क्रमांक अकराच्या अर्जदाराने". इथे मला खोकला आला.
मैनाने कागद घेतला आणि पुढचं वाचलं. "पितृपक्षाचे कारण देऊन मीटर लेखी नाकारल्याने तेच मीटर अर्ज क्रमांक बारा यांस देण्यात आले."
ट्रकवाला मुराद उठून बाहेर गेला. बदरुन्निसा चुलीकडे वळली. समंजस माणसं.
सासूबाईंनी ह्यांना विचारलं, "पितर म्हंजे तुझा बापूस ना रे? त्यानं दिवा परत धाडला?"
हे म्हणाले, "नाही, आई. त्याने नाही." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शनिवार, ४ नोव्हेंबर.
नवा अर्ज लिहायला घेतला. नंबर चाळीसच्या आसपास लागेल. सासूबाईंना सांगितलं, चैत्रापर्यंत नक्की. तोवर शेजारी बसायचं आहेच.
म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरात रोज किती बसू? दिवाळीला उमरठला जाते. म्हटलं, तिथे तर अंधारच आहे.
"हाय ना. पण त्यो कुनी अर्ज करून आनलेला नाय."

रविवार, ५ नोव्हेंबर.
हे आईला पोचवायला गेले. एस्टी वेळेवर सुटली. सासूबाई परत कधी येणार ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
काल रात्री त्यांचं गाठोडं बांधायला बसले होते. लुगडं कुठलं, घोंगडीचं टोक कुठलं, मला नीट दिसेना. शेवटी मैनाने सगळं उचललं आणि शेजारी नेऊन बांधून आणलं.