कुबडीला लागलेला बॉल

राहनाळ, भिवंडी
२८ जानेवारी २०२५

ती. मैनाआत्यास,
सार्थकचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज टाकला तर चष्मा सापडत नाही म्हणतेस, म्हणून कागदावर लिहितो. कॉलेजच्या प्रमाणपत्रासाठी मी एका संस्थेतर्फे फुटबॉल शिकवतो, हे आईने कळवलं असेलच. रविवारी आपल्या गोदामामागे ट्रेलर नसतात, तिथे आमची टीम खेळते. टीम कसली, भेळ आहे नुसती! पॉवरलूमवाल्यांची मुलं, गावातल्या मुली, चष्मा लावूनही धूसर दिसणारी रीमा, आणि दामू ड्रायव्हरचा विपुल. बिचाऱ्याचा एक पाय जन्मापासून आखूड, जमिनीला टेकत नाही. एका कुबडीवर खेळतो.

सव्वीस जानेवारीला शेलार गावच्या मुलांशी मॅच ठेवली. आपल्या केसरीकाकांनी मंडप, स्पीकर आणि स्वतःच्या फोटोचा बॅनर दिला. निवडणूक जवळ आली की त्यांना खेळाडू आवडायला लागतात. शेलारच्या पोरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की विपुलकडे बॉल आला की बाजूला व्हायचं. झालंही तसंच. बिचारा एकटाच पुढे गेला, गोलकीपर मुद्दाम उलट्या बाजूला पडला आणि गोल! काकांनी शाल-श्रीफळ दिलं, बायका डोळे पुसत होत्या. व्हिडिओ मी टाकलाय, अख्खा तालुका बघतोय. विपुल मात्र फोटोलाही न थांबता घरी गेला. बिचारा आनंदाने गांगरला असणार.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
सार्थक


पेण
४ फेब्रुवारी

चि. सार्थक यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. शेजारच्या मेघालीला तिच्या मोबाईलवर तुझा पराक्रम लावायला सांगितला. पोरं रस्त्यात गाय आल्यासारखी बाजूला होतात, गोलकीपर अंथरुणात कूस बदलल्यासारखा पडतो, आणि याला तू गोल म्हणतोस. याला नाटक म्हणतात, तेही भिकार. तू विपुलचा चेहरा पाहिलास का? मी पाहिला. तो मागे वळून बघतोय, आपल्या अंगावर कोणीच कसं येत नाही म्हणून.

एका पत्रात तीनदा बिचारा लिहिलंस. मोठा आलाय कोच! माझे कान गेल्यापासून आपल्याच घरात माझं काय होतं, तुला ठाऊक आहे? हळदीला मला डीजेच्या भिंतीपुढे बसवतात, हिला कुठे ऐकू येतंय म्हणून. पत्ते खेळताना मुद्दाम जिंकू देतात. मी हसते, तर सगळ्यांना वाटतं म्हातारी खूश. पत्ते त्यांच्या तोंडावर फेकावेत असं वाटतं मला. फार अपमान होतो रे.

केसरीदादाचं सोड, त्याला शाल घालायला माणूस सापडला नाही तर तो मैलाच्या दगडाला घालेल. तुझ्याकडून अपेक्षा होती. विपुल पुढच्या रविवारी आला का, तेवढं कळव. मला वाटत नाही आला असेल.

रागावले तरी आत्याच आहे, हे ध्यानात असू दे.
मैनाआत्या


राहनाळ
१७ फेब्रुवारी

ती. मैनाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका चिडलो की फाडणारच होतो. पण विपुल खरंच येईनासा झालाय. म्हणून काल त्याच्याकडे नवे बूट घेऊन गेलो. तो दारातच म्हणाला की गोल तुझा हाय, तवा शाल पन तूच घे, आणि शाल माझ्या अंगावर फेकली. शाळेत पोरं त्याला बघितलं की हात जोडून बाजूला होतात आणि गोल गोल म्हणून ओरडतात. त्याच्या आईने, रूपाकाकूने, पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली की माझा पोरगा गल्लीत पोरांची ढोपरं फोडून खेळायचा, त्याला लंगडा तुमी केला.

व्हिडिओ काढून टाकलाय, पण आता तो कोणाकोणाच्या मोबाईलवर आहे देव जाणे. आत्या, मला रात्री जेवण गेलं नाही. विपुलने खेळणं कायमचं सोडलं तर ते माझ्यामुळे. काय करू, सांग.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
सार्थक


पेण
२४ फेब्रुवारी

चि. सार्थक यास,
अ. उ. आ.

बूट नेलेस? ज्याचा एकच पाय जमिनीला टेकतो त्याला जोडी? दुसरा बूट कोणाला घालणार होतास, केसरीदादाला? इतके महिने शिकवतोस आणि एवढंही डोळ्यांना दिसलं नाही.

त्याला कुठे खेळायला आवडतं, कोणावर चिडतो, कधी विचारलंस? पुन्हा जा, रिकाम्या हाताने. समजूत घालत बसू नकोस, तुला ती येत नाही. कोणत्या अटीवर येशील, एवढंच विचार. जे सांगेल ते कर, मग लोक तुला काही म्हणोत.

आशीर्वाद आहेतच, त्यांच्यावर विसंबू नकोस.
मैनाआत्या


राहनाळ
१७ मार्च

ती. मैनाआत्यास,
सा. न. वि. वि.

गेलो. विपुलने आधी ताटकळत ठेवलं, मग अट सांगितली. त्याला मोकळं सोडायचं नाही, धडक द्यायची, पडला तर पडू द्यायचा. आणि कुबडी म्हणजे त्याचा हात, तिने बॉल अडवला तर हँडबॉल द्यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर तो कुबडीने बॉल अडवायचा आणि मी चालतंय म्हणून बघत राहायचो. सरावात मी त्याला पाडलं, त्याने मला दोनदा पाडलं. माझी नडगी अजून काळीनिळी आहे.

मागच्या रविवारी शेलारशी परत मॅच झाली. रेफ्री व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून शिट्टी माझ्याकडे. काका नवी शाल घेऊन आलेच. बरोबरी होती, मॅच संपत आली होती, आणि आमच्या गोलसमोर उसळलेला बॉल विपुलच्या कुबडीला लागून बाहेर गेला. मी शेलारला पेनल्टी दिली. मग काय विचारतेस! काका माईकवरून म्हणाले की घरचा पोरगा हाय का दुश्मन. लूमवाले हिंदीत ओरडत होते की लंगड्यावर पेनल्टी देतो, शरम नाही याला. कोणीतरी चप्पल भिरकावली. विपुल तर अंगावरच धावून आला की बॉल कुबडीला लागला, कुबडी बॉलला न्हाय. मी ऐकलं नाही. त्याने सगळ्यांदेखत जी शिवी दिली ती पत्रात लिहिता येत नाही. मी लाल कार्ड काढलं. शेलारने गोल मारला, आम्ही हरलो. काकांनी जागेला कुलूप घालीन म्हणून दम दिलाय आणि घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

काल मला वाटलं, विपुल आता कसला येतोय. तर तो सगळ्यांच्या आधी येऊन फाटकाशी बसलेला. मला बघताच सुरू झाला की तुला रेफ्रीगिरी कळत न्हाय, रीमाला तुज्यापेक्षा जास्त दिसतं. सगळी पोरं जमेपर्यंत भांडला. मग म्हणाला की आता सराव घेतोस का नुसता उभा राहतोस. आत्या, इतका खूश मी शाल-श्रीफळाच्या दिवशीही नव्हतो.

असाच लोभ ठेव, निदान तू तरी.
सार्थक


पेण
२४ मार्च

चि. सार्थक यास,
अ. उ. आ.

विपुलचं बरोबर आहे. शेलारच्या पोरांनी टाकलेला व्हिडिओ मेघालीने शोधून दाखवला. पोराने कुबडी हलवलीसुद्धा नाही, बॉल येऊन आदळला. ती पेनल्टी नव्हतीच. म्हणजे तू कोच म्हणून सुमार आणि रेफ्री म्हणून त्याहून वाईट.

पण या वेळी तू त्याच्यावर सरळ अन्याय केलास, शेलारच्या कुठल्याही पोरावर केला असतास तसा. म्हणून त्याला भांडता आलं. त्या फुकटच्या गोलवरून तो कोणाशी भांडणार होता? वाचून मला फार बरं वाटलं. हे एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

दादाला सांग, कुलूप घालण्याआधी सातबारा बघ. त्यावर माझं नाव आहे आणि हक्कसोडपत्रावर मी अजून सही केलेली नाही. पोरं तिथेच खेळतील.

रविवारी विपुलला सगळ्यांसमोर सांग की पेनल्टी चुकली. कसलंही नाटक करू नकोस, चुकलं म्हण आणि गप्प बस. लाल कार्ड मात्र मागे घेऊ नकोस. शिवी दिली ती दिली. पुढची मॅच त्याला बाहेर बसव.

लोभ वाढव, अक्कलही.
मैनाआत्या