वेदीवरचं कापड

प्रिय मिल्डगिथ,

अक्षर वाकडंतिकडं दिसलं तर हसू नकोस. पाद्रीबाबांनी सुबक लिहून दिलं असतं, पण हे त्यांच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही. टेट्टे हे पत्र स्वतःच्या मोज्यात खुपसून आणणार आहे. वाटेत कुणी झडती घेतली तर, असं मी विचारलं, तेव्हा तुझी ही दाई म्हणाली, "घेऊ देत की बाई. एका मोज्याचा वास आला की दुसरा काढा म्हणायची कुणाची छाती होणार नाही."

घरी सगळं ठीक आहे. सातू यंदा बेताचे आले, बिअर आंबली, मधाची मात्र चंगळ आहे. तुझे वडील गेल्याला संत मायकेलच्या सणाला वर्ष झालं. वर्षभर तुझे काका विग्मुंड दर पंधरा दिवसांनी माझ्यासाठी एक नवं स्थळ घेऊन यायचे. "वहिनी, एकट्या बाईने घराच्या किल्ल्यांचं ओझं किती दिवस वागवायचं?" मी म्हटलं, "भावजी, ओझं माझ्या कमरेला आहे, तुमचं डोकं का दुखतं?" का दुखतं ते मला ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या वडिलांनी मला हेसलडीनची जमीन दिली. विधवेने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं तर अशी जमीन सासरकडे परत जाते. मी केलं नाही. आता ती माझी, आणि माझ्यामागे मी सांगेन त्याची.

तुझ्या वडिलांवर माझा राग नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे आहे. समुद्रावरून लुटीला आलेल्या डेन लोकांशी लढताना मांडीत भाला घुसला, तेव्हा ते बोलून गेले, वाचलो तर मुलगी देवाला देईन, जोगिणींच्या मठात. घरी आल्यावर जेवता जेवता त्यांनी मला हे सांगितलं आणि वर आणखी मटण मागितलं. मी वाढलं. देवाला दिलेल्या शब्दापुढे बायकोने काय बोलायचं?

तू सात वर्षांची होतीस. चर्चमधल्या वेदीवरचं कापड मुलीच्या हाताभोवती गुंडाळलं की ती देवाची झाली, हे आता तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तेव्हा मात्र तू मला विचारलंस, "आई, माझा हात भाजलाय का?" तो प्रश्न अकरा वर्षं माझ्या कानात आहे.

ते वेदीवरचं कापड नव्हतं, मिल्डगिथ. वेदीचं कापड मीच भरलेलं, ते धुऊन आणायचं कामही माझंच. त्या सकाळी मी डोक्याला बांधायचा माझा रुमाल नेला, काठ आत दुमडून. पाद्रीबाबांना तेव्हाही जवळचं नीट दिसत नव्हतं. वेदीच्या कापडावर मेण सांडलं म्हणून असं केलं, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. मेण सांडलं नव्हतं. मी खरं कापड पेटीत ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. तुझे वडील असेपर्यंत ती पेटी उघडायची हिंमत झाली नाही, म्हणून मी तुझी अपराधी आहे.

नाताळनंतर बिशप येऊन तुला कायमचं जोगीणवस्त्र देणार, असं टेट्टेने सांगितलं. त्यानंतर काही करता येणार नाही. ते कापड तिच्या गाठोड्यात चीजखाली आहे. मठात तुझा जीव रमला असेल तर तिथल्या वेदीपुढे ते स्वतःच हाताभोवती गुंडाळ आणि ठेवून घे, मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. घरी यायचं असेल तर तसंच चीजखाली ठेवून टेट्टेबरोबर परत पाठव. मी ते बिशपपुढे ठेवून शपथेवर सगळं कबूल करीन. उपास सांगतील, विग्मुंड चारचौघांत छी-थू करतील, ते माझं मी बघेन. हेसलडीनच्या घराचं छप्पर मी आधीच शाकारून घेतलंय, पण त्यावरून काही ठरवू नकोस. टेट्टे आली की मी तिला काही विचारणार नाही, सरळ चीज उचलून बघेन. त्या वेळी तुला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आता विचारते आहे.

तुझीच आई,
लेओफ्रुन