डावीकडचं खोटं दार

सोमवार, १० जून १९९६, लातूर

पोचलो एकदाचा! नांदेडहून एस.टी.नं येताना हाडांचा खुळखुळा झाला, पण मन खूश आहे. एरवी वर्गात मोर आणि मडकी काढून घेणाऱ्या या चित्रकला शिक्षकाला पहिल्यांदाच कुणी त्याच्या वेडापायी बोलावलंय. जुन्या फोटोतली मोटार बघून तिचं साल सांगायचं, हे ते वेड. विशाखा म्हणते, बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण मोटारींचे सगळे पाठ आहेत.

बोलावणारे बसलिंगप्पा, डाळमिलवाले. भूकंपात त्यांचं गावाकडचं घर बसलं. ढिगाऱ्यातून फोटोंची पत्र्याची पेटी तेवढी निघाली. ओलीनं चेहरे गेलेत, मोटार शाबूत. मोटारीचं साल कळलं की तेव्हा घरात कोण कोण हयात होतं, त्यावरून माणसं लावता येतील, असा त्यांचा विचार. म्हणाले, वरीस तेवढं सांगा मास्तर, माणसं आमी वळखतो.

वरचे दोन्ही मजले क्लासच्या पोरांनी भरलेत. अख्खं लातूर सध्या डॉक्टर होऊन राहिलंय. मला तळमजल्यावरची खोली दिलीय. टेबलामागे क्लासचाच एक जुना, दोघांचा बाक आहे, डावं टोक भिंतीला टेकलेलं. गजांची खिडकी त्याच बाजूला, म्हणून मी भिंतीकडे बसतो.

शनिवारी सकाळी मात्र मुदखेडला निघायचंच. विशाखा तिथं माहेरी आहे, नववा लागलाय. मी जवळ असेन असा शब्द दिलाय.

मंगळवार, ११ जून

अकरा फोटो, सगळ्यांत एकच मोटार. फोर्डची टी मॉडेल, उघडी टूरिंग, वर कापडी टप. रेडिएटर पितळी, दिवे विजेचे, म्हणजे १९१५ नाहीतर १६. स्टिअरिंगचं चाक डावीकडे, म्हणजे थेट अमेरिकेहून आणलेली. आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे चालकाच्या बाजूला दारच नाही! पत्र्यावर दाराचा नुसता ठसा. चालकानं उजवीकडून चढायचं, सरकत चाकापाशी जायचं. उतरायचं तर शेजारचा आधी उतरला पाहिजे. बसलिंगप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, लई बारीक बघून राहिलात मास्तर. मी फुगलो, हे कबूल.

प्रत्येक फोटोत पुढच्या उजव्या जागेवर मोठ्या फेट्याचा एक माणूस आहे, चाकामागची जागा रिकामी. पाठीमागे जुन्या शाईत कोण कुठं बसलंय त्याची यादी. बाकीची नावं पुसली गेलीत. त्या फेटेवाल्याच्या जागेपुढे 'विरूपाक्षप्पा' एवढं वाचता येतं, ते बसलिंगप्पांचे आजोबा. 'चालक' या शब्दापुढे मात्र मुळात काही लिहिलेलंच नाही. अकराच्या अकरा फोटोंवर.

रिकामा रकाना मला बघवत नाही. वर्गात पोरांना त्यासाठी उठाबशा काढायला लावतो. सगळ्यांत चांगल्या फोटोवर पेन्सिलीनं लिहून टाकलं, 'श्रीनाथ मास्तर, नांदेड.' एकटाच हसलो.

बुधवार, १२ जून

त्या फोटोत चाकामागे माणूस आहे. चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली. माझ्या चष्म्याची तशीच आहे. काल नजरेतून सुटलं असेल, अशी मनाची समजूत घातली. पटली नाही.

शिवम्मा, बसलिंगप्पांच्या पत्नी, जेवणाचं ताट घेऊन आल्या, तेव्हा रिकाम्या रकान्याचं विचारलं. सासऱ्यांकडून ऐकलेलं त्यांनी सांगितलं. औशाच्या बाजारात, भर उन्हाळ्यात, आजोबा मोटारीत बसून सौदे बघत होते. चालकाची बायको अडली होती, घरून सांगावा आला. तो विनवत राहिला, आजोबा जागचे हलले नाहीत. धन्यासमोर कडेवरून उडी मारायची हिंमत त्याला झाली नाही. दिवस कलताना तो चाकावरच गेला. तेव्हापासून या घरात त्या जागेपुढे नाव लिहीत नाहीत. तुमाला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं मास्तर, म्हणाल्या.

त्यांच्यासमोरच खोडरबरानं नाव खोडलं.

गुरुवार, १३ जून

नाव परत आलंय. माझ्याच अक्षरात. अकराही फोटोंवर.

शनिवारची वाट कशाला बघू? पिशवी भरली. दुपारची गाडी मिळेल. चपला घालायला बाकावर टेकलो, आणि उजवीकडून बाक दबला. कुणीतरी शेजारी बसावं तसा.

तिथं कुणी दिसत नाही.

गाडी गेली. मी बाकावरच आहे.

शुक्रवार, १४ जून

उठता येत नाही. सदऱ्याची कड शेजारी कशाखाली तरी अडकलीय. फाडून टाकली. मग मांडीच दाबून धरली गेली. टेबलावर चढू पाहिलं तर गुडघ्यावर हात पडला. जड हात. बोटातली अंगठी रुतली. तापलेल्या चामड्याचा वास येतोय.

मला भीती वाटतेय. रडलोसुद्धा.

शिवम्मा उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या. बसलिंगप्पा उदगीरला गेलेत. मुदखेडला सगळं ठीक आहे असं कळवा, म्हणून त्यांना हात जोडले. म्हणाल्या, सकाळीच फोन केला, मास्तर जागचे उठंनात म्हून सांगितलं. विशाखानं हट्ट धरलाय. वडिलांना, म्हणजे माधवरावांना, घेऊन उद्या जीपनं येतेय.

तिनं येऊ नये, असं कळवा म्हणालो. शिवम्मा निघून गेल्या होत्या.

शनिवार, १५ जून

आवाज फुटत नाही. लिहिता येतं तेवढंच —

फोटोत मागची जागा काल रिकामी होती. आज तिथं शालीची घडी घालून ठेवलीय. अवघडलेल्या बाईला टेकायला —

मागची दारं खरी आहेत. बाहेरून उघडतात.

जीप थांबली. सासऱ्यांचा आवाज. विशाखा हाक मारतेय. मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलं, आत येऊ नकोस — खिडकी डावीकडे, ती उजवीकडून येतेय —

बाक हलका झाला. तो उठला! चालकासाठी कधी न उठलेला तो धनी — तिच्यासाठी दार धरायला —

जागा मोकळी आहे. पण डावा हात सुटत नाही. मुठीत काहीतरी गोल, लाकडी —

जमीन थरथरतेय. भांडी वाजताहेत. वरची पोरं भूकंप भूकंप करत जिन्यानं पळताहेत. भूकंप नाही रे पोरांनो, हे इंजिन —

ती उंबऱ्यात. एक हात पोटावर. दमलीय, बसायला जागा शोधतेय. विशाखा, बसू नको, माझ्याकडे बघ, मागचं दार —