ऐकू येत असल्याचा दाखला

दि. १९, बुधवार

चि. मोठीस,

आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचं धाकट्याकडून कळलं. तू त्याला वीस वर्षं ‘मावशींचा मुलगा’ म्हणत आलीस, पण आता निरोप त्याच्याकडे येतात, हे बरंच झालं.

माझा गुडघा चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, जिना जपून. मी जपूनच उतरलो आणि परवा खाली वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो. एक मोटर तीन दिवस उघडी पडली होती, दोष सापडत नव्हता. ती पुन्हा जोडून चालू करायला लावली, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवलं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि सांगितलं, मागचं बेअरिंग गेलंय. जुना कारागीर हसला. म्हणाला, “मालकांना माणसांचं ऐकू येत नाही, मोटरीचं बरं येतं.” मी माझं नेहमीचं उत्तर दिलं, “मोटर पुटपुटत नाही.” सगळे हसले. हा विनोद मी किती वर्षं चालवतोय, तुला माहीत आहेच.

मृत्युपत्राचं काम झालं. तू निघताना म्हणालीस, “बाबा, उगाच गुंता नको, घर आणि वर्कशॉप सरळ आम्हां दोघांच्या नावावर करा, मावशींना आम्ही काय टाकणार आहोत का?” मोठ्यानं म्हणालीस, शेजारच्यांनाही कळलं असेल. वकिलांनी तसाच मसुदा आणला होता. मी तो फाडला नाही, परत दिला. त्याच्या मागच्या बाजूला त्यांना काही लिहायचं असेल तर कागद वाया कशाला घालवा.

नवा केला. राहतं घर आणि खालचं वर्कशॉप हिच्याकडे, म्हणजे तुझ्या मावशींकडे, ही जिवंत असेपर्यंत. कुणी विकायचं नाही, कुणी तिला हलवायचं नाही. तिच्या पश्चात वरचं तुझं, खालचं धाकट्याचं.

आता तू म्हणशील, बायकोनं कान भरले. वकीलही तेच म्हणाले. “पोरं कोर्टात हेच सांगतील. कारण लिहा.” मी म्हटलं, लिहा, मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांनी चष्मा काढला. “काका, तुम्ही बहिरे आहात हे या रस्त्यावर पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.”

म्हणून सोमवारी कान तपासून आलो. दाखला मृत्युपत्राला जोडलाय. तपासणारी बाई म्हणाली, “या वयाला असे कान मी पाहिले नाहीत, आजोबा.”

मोठे, आता ते सांगतो.

तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तुझी मावशी औषधं आणायला बाहेर गेली होती. मी पलंगावर डोळे मिटून पडलो होतो. पलीकडे तुम्ही दोघं चहा घेत होतात. धाकटा म्हणाला, “हळू बोल.” तू म्हणालीस, “त्यांचं कानातलं मशीन खिडकीत आहे. तोफ डागली तरी उठायचे नाहीत.” आणि तुम्ही दोघं हसलात.

खरं सांगू? मला त्या क्षणी आनंदच झाला. एका टेबलावर बसून तुम्ही दोघं कधी हसला नव्हतात. तो नऊ वर्षांचा असताना आईबरोबर या घरात आला तेव्हा तू ताट उचलून आत गेली होतीस, तेव्हापासून मी त्या आवाजाची वाट बघत होतो. हाक मारून म्हणणार होतो, मलाही अर्धा कप द्या.

मग तो म्हणाला, “एकदा सही होऊ दे. आईचं मी बघतो. तिच्या बहिणीकडे एक खोली रिकामीच असते.” तू विचारलंस, “जातील त्या?” तो म्हणाला, “जाईल. ती कुणाला नाही म्हणत नाही.” तू म्हणालीस, “मला त्यांचं वाईट करायचं नाही रे. पण ती खोली माझ्या आईची आहे.” “मग घे ना. वरचं तुला, खालचं मला.”

बघ, वाटणी तुमचीच आहे. मी फक्त तिची वेळ बदलली.

धाकट्याशी मी बोललोय. त्याच्या आईबद्दल त्यानं जे ठरवलं, त्याची लाज त्याची त्यानं बाळगावी. तो मान खाली घालून बेअरिंग बसवत राहिला. तुझ्यावर मी रागावू शकलो असतो. दोन दिवस तसा प्रयत्नही केला. पण तू त्यानंतर जे बोललीस, त्यामुळे तो हक्क राहिला नाही.

धाकट्यानं माझ्याविषयी विचारलं, “तुझा काकांवर राग नाही?” तू म्हणालीस, “होता. माझी आई वर हाका मारता मारता गेली, आणि हे खाली मोटरीपाशी. पण ऐकूच आलं नाही त्यांना. बहिऱ्या माणसावर किती वर्षं राग धरायचा?”

मोठे, मला ऐकू आलं होतं.

तीन हाका होत्या. पहिली नेहमीसारखी. तिला कूस बदलून हवी असायची, कधी पाणी, कधी नुसतं कुणी हवं असायचं. आठ महिने चालू होतं ते. मोटर संध्याकाळी द्यायची होती, मूठ कानाला होती. मी स्वतःला म्हटलं, एवढं झालं की जातो. दुसरी हाक आली तेव्हा मोटरीचाच आवाज नीट लागेना म्हणून मी वैतागलो. तिसरी फार हळू होती. तीही ऐकली.

तू शाळेतून आलीस, वर गेलीस आणि जिन्यावर येऊन मला विचारलंस, “तुम्हाला ऐकू नाही आलं?” चौदा वर्षांची होतीस. माझ्या तोंडून निघालं, “नाही.” तू माझ्या तोंडाकडे पाहत राहिलीस. मग मी म्हटलं, “या मोटरींनी कान गेलेत माझे.”

एकदा म्हटल्यावर ते निभवावं लागलं. तू पहिल्या पगारातून मशीन आणलंस तेव्हा त्या तपासणीत मी कसलेल्या नटासारखा बसलो. त्यात मी सेल कधी घातला नाही. माझ्यासाठी तू घसा ताणून बोलायचीस, नंतर बोलणंच कमी केलंस. तेही मी ऐकत होतो.

तुझ्या मावशीला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं. गॅसवर दूध उतू जातानाचा आवाज आला, तिच्या आधी मी उठलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. त्या दिवसापासून चारचौघांत ती माझ्याशी ओरडून बोलते आणि खोलीत आल्यावर हळू. घर तिला त्यासाठी देत नाहीये, घर तिचं आहे म्हणून देतोय. पण हेही तुला माहीत असू दे.

ती म्हणाली, “दाखला जोडू नका. पोरीला कळेल.” मी म्हटलं, दाखल्याशिवाय तुला बाहेर काढतील. मग म्हणाली, “मग आधी पत्र लिहा. तिला वकिलाच्या कागदातून कळू देऊ नका.”

म्हणून हे पत्र. तुझ्या आईची खोली ही रोज झाडते, पलंग जिथे होता तिथेच आहे. यायचं असेल तर ये, नसेल तर मी समजेन. बहिऱ्याला तू माफ केलं होतंस. आता तो माणूस उरला नाही, ती माफी तू परत घेऊ शकतेस. फक्त आलीस, तर जिन्यातून मोठ्यानं हाक मारू नकोस. हळू मारलीस तरी मी येईन.

तुझा,
ज्याला तीनही वेळा ऐकू आलं होतं तो बाप