अर्ध्यावरचा काटा

ती. दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा थरथरता नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईची खोकल्याची उबळ थांबली का? इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझी छाती अजून धडधडते आहे, हे अक्षरावरून तुम्हाला कळलंच असेल. फोनच करणार होतो, पण तुमच्या फोनला ताईचा कान लागलेला असतो, आणि यातला काही मजकूर तिच्या कानावर जाणं तुमच्या हिताचं नाही. का, ते शेवटी.

विषय तुमच्या गाडीचा. (आता आमची म्हणायला हवी, पण जीभ रेटत नाही.) लेकीचे दिवस भरत आलेले, जावई जहाजावर, दवाखाना रेल्वेच्या फाटकापलीकडे, आणि ऐन वेळी भाड्याची गाडी आमची टेकडी चढायला तयार होत नाही. हे ऐकून तुम्ही मोठ्या मनानं तुमची जुनी गाडी आम्हाला देऊन टाकलीत. घरात नीट गाडी चालवणारी एकटी लेकच, आणि न्यायचं तिलाच, म्हणून किल्ली माझ्याकडे आली. माझ्याकडे परवाना आहे, धीर नाही. देताना तुम्ही म्हणालात, गाडी सोनं आहे, फक्त पेट्रोलच्या काट्याकडे बघू नकोस. दाजी, भित्र्या माणसाला असं सांगितलं की तो दुसरीकडे कुठे बघणार? टाकी भरली, काटा अर्ध्यावर. टाकी आटली, काटा अर्ध्यावर. रुसलेल्या जावयासारखा जागचा हलेना. भर जेवणातून उठून मी काटा बघून यायचो. लेक कळा देते आहे, टाकीत थेंब नाही, आणि काटा म्हणतो आहे काळजी नको, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना.

मग आमच्या हिनं मार्ग काढला. पडद्याची जुनी वेताची काठी टाकीत बुडवायची, कुठवर ओली झाली ते बघायचं, पुसायची आणि सीटखाली ठेवायची. झकास चाललं होतं. पण त्या टाकीचा वास गाडीत यायचा आणि लेकीला उमळून यायचं. (हिलाही यायचं, पण त्याला पेट्रोल लागत नाही, मी दिसलो तरी पुरतं.) तिथे मी माझी अक्कल पाजळली. उभं आयुष्य पार्सल कचेरीत गेलेलं. गळकी, सांडती, कसलीही वस्तू हवाबंद करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. टाकीच्या तोंडावर जाड प्लास्टिकचा दुहेरी तुकडा घातला, त्यावर रबर, त्यावर झाकण गच्च. वासाचं नाव नाही. मायलेकींनी मिळून माझं कौतुक केलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

कारण त्या दिवसापासून गाडी बंद पडू लागली. निघताना सुरळीत, बाजार ओलांडला की आचके, मग ठप्प. मी घाम पुसत मागे जायचो, सगळं सोडवून काठी बुडवायचो. पेट्रोल भरपूर. परत बांधाबांध करून किल्ली फिरवावी, तर गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू. शेजारचे घड्याळजी म्हणाले प्लग गेलेत. प्लग बदलले. मग म्हणाले पेट्रोलमध्ये कचरा आहे. तोही काढला. (निघाला नाही, कारण नव्हताच.) मग म्हणाले गाडीच बदला. शेवटी हिनं निदान केलं की गाडीला विचारपुशीची सवय लागली आहे, काठी घातली की तिला बरं वाटतं. हसू नका. आम्ही दर वेळी बाजारात थांबून काठी घालू लागलो, आणि गाडी खरोखरच बंद पडेनाशी झाली. माणूस भ्याला की त्याला काहीही पटतं.

गेल्या मंगळवारी भर दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. किल्ली माझ्या हातात होती, पण हात माझ्या ताब्यात नव्हते. बाजारात काठीसाठी थांबू का म्हणालो, तर ही अशी काही ओरडली की मी थांबलोच नाही. व्हायचं तेच झालं. फाटकात, ऐन रुळांवर, गाडीनं दोन आचके दिले आणि मान टाकली. आणि फाटकाची घंटा वाजू लागली.

दाजी, मी भित्रा आहे हे जगाला ठाऊक आहे. पण आजवर ज्या ज्या गोष्टींना भ्यालो त्या सगळ्या खोट्या निघाल्या होत्या, ही पहिलीच खरी. ही लेकीला उतरवायला बघत होती, पण तिला उठवेना. ओठ दाबून ती माझ्याकडे बघत होती. लहानपणी दात काढायला नेलं तेव्हा बघायची तशीच, म्हणजे बाबा आहेत ना, मग झालं. त्या नजरेचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी काठी उपसून मागे धावलो, तेवढ्यात ती खिडकीतून म्हणाली, “बाबा, काठी टाका. झाकण उघडलं की फुस्स होतं ना, त्यानं सुरू होते ती. प्लास्टिक फाडा आधी.”

मी फाडलं. टाकीनं मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. झाकण नुसतं टेकवलं, किल्ली फिरवली, दोनदा फिरवली, आणि गाडी रुळांपलीकडे गेली. मागे दांडा खाली आला. आगगाडी गेली ती मी पाहिली नाही, मी डोळे मिटले होते. (गाडी चालवताना. हिला सांगू नका.)

संध्याकाळी मला नात झाली. दोघी ठणठणीत आहेत. नात आत रडली तेव्हा मी बाहेर बाकावर तिच्याहून मोठ्यानं रडत होतो. घरी आलो ते दवाखान्याच्या गाडीतून. झाकणाला बारीक भोक असतं, पेट्रोल संपेल तशी तिथून टाकीत हवा जाते, हे मला मागाहून गॅरेजात कळलं. पार्सल बांधताना मी टाकीचा गळाच आवळला होता. असो. गुडघ्याला जपा.

तुमचा,
अजून धडधडणारा मेहुणा

ता. क. गॅरेजात टाकीही उघडली. आत एक तरंगता गोळा असतो, पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो आणि काटा हलवतो. त्या गोळ्याच्या दांडीखाली विणायची एक हिरवी सुई अडकली होती. ताईची ती हरवलेली सुई, जी माझ्या बायकोनं ढापली असा ठपका वर्षानुवर्षं आहे. म्हणजे काटा धडधाकट होता तेव्हाही तुम्ही टाकीत सुई घालून बघत होता. दाजी, मग आपल्यात भित्रा नक्की कोण?

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण हे. पुढच्या महिन्यात नातीला टोचायला त्याच फाटकावरून न्यायचं आहे. गाडी बरी झाली, मी नाही. किल्ली हातात घेतली की घंटा ऐकू येते. गाडी चालवायला तुम्ही याल का? आलात तर सुई माझ्या कपाटात राहील आणि तोंड हवाबंद.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवत होतो, तोच ताई दारात. नात बघायला सकाळच्या बसनं निघाली, तुम्हाला म्हणे उठवलंही नाही. पत्र तिनं हातातून घेतलं आणि सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं, कंसांसकट. सुई मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग उठून हिच्या गळ्यात पडली, आणि नंतर दोघी माझ्याकडे बघून हसत सुटल्या. आता सुई साबणानं घासते आहे. तुम्हाला निरोप आहे: “जोडीची दुसरी सुई माझ्या पेटीच्या तळाशी आहे, मी टाकली नव्हती. बाळाला टोपडं विणायचंय. घेऊन या, आणि वाटेत कशातही बुडवू नका.” किल्ली मात्र माझ्याकडून काढून घेतली आहे. महिन्याभरानं गाडी लेकच चालवणार. बाबा आणि आतोबा यांनी मागे बसायचं, आणि फाटक आलं की दोघांनी डोळे मिटले तरी चालेल, असं ती म्हणाली.