पासष्ट मिनिटं

सोमवार, ३ जून

आज नव्या साहेबांनी नकाशावर फूटपट्टी ठेवली! आपल्या विमानतळापासून पलीकडच्या विमानतळापर्यंत हवाई अंतर दोनशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. "पस्तीस मिनिटं उडायचं, वर पंधरा सैल धरा. वेळापत्रकात पन्नास छापा. हे पासष्ट कुठून आणता तुम्ही?"

उंटावरचा शहाणा! कुठून आणते? विमानतळावरचे आमचे जुने कामगार, मामा, त्यांच्या तळहातावरून. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढले की मामा बॉलपेनने हातावर वेळ लिहितात. पुन्हा लावले की पुन्हा. मी ती वहीत उतरवते — त्यांनी हात धुवायच्या आत. पलीकडची वेळ फोनवर येते. अकरा वर्षांची वही आहे माझी. मध्ये डोंगर, त्याला वळसा. तिकडे एकच धावपट्टी, तीही शिकाऊ विमानांनी अडवलेली. फूटपट्टीला यातलं काय दिसणार?

वेळापत्रक मी बनवते, त्यावर माझी सही लागते. केली नाही.

मंगळवार, ४ जून

खरी मेख आज कळली. वैमानिकाला दिवसाला आठच तास ड्यूटी. पासष्ट धरली तर जाऊन-येऊन चार उड्डाणं बसतात. पन्नास छापली की सहा — मधले अर्ध्या-अर्ध्या तासाचे थांबे धरून कागदावर साडेसात तास, प्रत्यक्षात नऊ! आणि ते विमान कोण चालवतं? आमची धाकटी. सहाव्या उड्डाणाला माझी बहीण पेंगुळल्या डोळ्यांनी डोंगराला वळसा घालणार. मुळीच नाही!

शुक्रवार, ७ जून

धाकटी येऊन भांडली. "ताई, कर ना सही! हे वेळापत्रक लागलं की साहेब मला मोठ्या विमानावर घेणारेत. तुझ्या पंधरा मिनिटांपायी माझं घोडं अडलंय." दमशील, म्हटलं. "मी काय लहान आहे?" मी म्हणाले, तुला सायकल मीच शिकवली. हे बोलायला नको होतं. दार आपटून गेली.

वाईट वाटलं. फार वाटलं. तरी सही नाही!

शनिवार, ८ जून

फोन उचलत नाही. नको उचलू.

शुक्रवार, १४ जून

साहेबांनी स्वतःच सही ठोकली. माझी रवानगी हरवलेल्या सामानाच्या खोलीत — वीस बॅगा, सात छत्र्या, एक कुबडी. (कुबडीवाला घरी गेला कसा?) "वही कंपनीची आहे," साहेब म्हणाले. वही माझ्या पैशांची आहे, म्हटलं, आणि पिशवीत घातली. मामा अजून जाता-जाता दारात थांबून हात दाखवतात. मी लिहिते.

सोमवार, २४ जून

नवं वेळापत्रक लागू. धाकटीला पहिल्याच दिवशी सहा. मामांचा तळहात पुरला नाही, मनगटावर गेले. तीन वाजता ती माझ्या दारावरून गेली, भिंतीला हात लावत लावत. माझ्याकडे बघितलं नाही. मीही हाक मारली नाही. मारायला हवी होती.

बुधवार, २६ जून

दुपारी दीडला फोन. एकोणीस दिवसांनी! "ताई, पाच उड्डाणं झाली. विमान इकडेच, डोंगरापलीकडे उभं केलंय. सहावं नेलं तर आठ तास ओलांडतात — नेत नाही म्हणून लेखी दिलं. साहेब किंचाळतायत. नोकरी गेली बहुतेक." घरी कशी येणार, विचारलं. "बसने. सात तास लागतील गं."

लागू देत, म्हटलं. स्टँडवर मी उभी आहे.