न जमलेली वडी

मौजे हसनाबाद,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६४

चिरंजीव सौभाग्यवती उषाबाईस तुझ्या आजीचा, झुंबरबाईचा, आशीर्वाद. आम्ही इकडं धडधाकट. तुझा बाप भुजंग खोकून राह्यलाय, पण बिडी सुटत न्हाई, म्हणजे तब्येत बराबर आहे. आष्टीला गेल्यापासून तू वाळलीस म्हणं. नवी नवरी सासरी वाळलेली शोभती. इथं ये, मंग बघू.

बोलून राह्यले मी, लिवून राह्यली तुझी आई. तिला ताकीद दिलीय, म्हातारी बोलंल ते बिलकुल तसंच लिवायचं, मधी आपलं शहाणपण घालायचं न्हाई.

तुझी सासरची पहिली संक्रांत. सासूबाईनं शेंगदाण्याची वडी तुलाच करायला सांगितलीय. आणि तू आईला सोडून मला विचारलंस. बरोबर आहे. तुझ्या आईची, सगुणाबाईची, वडी जमत न्हाई, हे सगळ्या घराला ठाऊक.

तर ऐक. नवे दाणे मंद आचेवर भाज, फोलपटं पाखडून टाक. पाट्यावर वाट. कूट झालं म्हणून थांबू नको, तेल सुटून लोण्यावाणी गोळा झाला पाहिजे. गुळात पाण्याचा हबका मार, जरा तूप घाल. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघ. मऊ गोळी वळली की वाटलेले दाणे घाल आणि कढई खाली उतरव.

इथवर तुझ्या आईला सगळं येतं. एकोणीस वर्षांपासून येतं.

यापुढचं येत न्हाई, कारण मी सांगितलं न्हाई. "उतरवलं की लगेच ताटात ओत," असं मी तिला सांगितलं. ते खोटं. उतरवल्यावर घोटायचं असतं. उलथन्यानं, हात भरून येईस्तोवर, चमक जाईस्तोवर. मंग थापायचं. न्हाई घोटलं तर वडी बोटाला चिकटत राहती. मी करायची तेव्हा कढई उतरली की हाक मारायची, "सगुणा, गोठ्यात बघ गं, वासरू सुटलं वाटतं." ती पळायची. येईस्तोवर माझं ताट थापून झालेलं. आपलं वासरू कधीच सुटलं न्हाई.

तिच्या पहिल्या संक्रांतीला तिनं बायांपुढं ताट ठेवलं. वडी उलथन्यानं खरवडावी लागली. माझी जाऊ साळूबाई म्हणाली, "मास्तराच्या लेकीला पाटी द्या, कढई देऊ नका!" सगळ्या हसल्या. मी पण हसले. त्यानंतर तिनं वडीला हात लावला न्हाई.

थांबलीस का? लिव, सगुणा.

उषे, मधी तुझी आई उठून गेल्ती. तोंड धुऊन आली. म्हणाली, "आत्याबाई, का?"

का म्हणजे? ती सून होऊन आली आणि तुझे आजोबा रोज तिच्याकडून कागद वाचून घ्यायला लागले. येईल त्याला सांगायचे, घरात उजेड आला. तर मी इतकी वर्षं काय होते, अंधार? भुजंग वडी खाऊन म्हणायचा, "मायसारखी कुणाला येत न्हाई." तेवढं एकच माझ्यापाशी होतं. ते मला द्यावं वाटलं न्हाई. असं झालं.

चुकले म्हणायला मला एकोणीस वर्षं लागली, आणि तेही तुझ्या पत्राच्या आडून. तिच्याकडं बघून म्हणायची हिंमत न्हाई, म्हणून भिंतीकडं बघून बोलून राह्यले. ती म्हणती, "पुढं सांगा," एवढंच.

पुढं काही न्हाई. यातलं तिनं काय ठेवलं, काय गाळलं, मला कळायला मारग न्हाई. नको वाटलं तर तिनं खुशाल गाळावं. दुसऱ्या कुणाकडून मी वाचून घेणार न्हाई. शाई लावायला तिनं माझा अंगठा धरलाय. जरा जोरातच धरलाय. धरू दे.

निशाणी अंगठा, झुंबरबाई

दस्तूर सगुणाबाई. आत्याबाई बोलल्या ते सगळं लिहिलं आहे. काही गाळलं नाही.